ट्रेलरवर बोट दर वेळी डावीकडेच बसते: फळ्या सरकवायच्या की एक्सल?

देवबाग_खाडी

मंडळी, १९ फुटी फायबर बोट आहे. रुंदी २.१ मीटर, तळ व्ही आकाराचा, मागच्या बाजूला उतार साधारण १५ अंश. इंजिन ६० एचपी आउटबोर्ड. ट्रेलर एका एक्सलचा, पाट्यांवरचा (लीफ स्प्रिंगचा), इथल्याच वर्कशॉपमध्ये बनवून घेतलेला. बोटीखाली कारपेट लावलेल्या ८ फुटी दोन फळ्या, पुढे कण्याखाली (तळाच्या मधल्या कडेखाली) दोन रोलर आणि बोट ओढायच्या विंचचा खांब.

करली नदीच्या बाजूच्या उतारावरून बोट वर घेतली की नाळ (बोटीचे पुढचे टोक) बरोबर मध्यावर विंचच्या खांबावरच्या रबरला टेकते, पण मागचा भाग डावीकडे ४५ मिमी सरकलेला असतो. डाव्या मडगार्डला बोटीची कड लागायला जेमतेम दोन बोटे उरतात. पुन्हा पाण्यात नेऊन घेतली तरी तेच. वर्कशॉपवाला म्हणतो एक्सल तिरका आहे, तो कापून परत वेल्ड करू. त्याच्या हातात ट्रेलर देण्याआधी विचारतो: नक्की काय हलवायचे?

गुण्या_ओळंबा

गॅस कटर लांब ठेवा. एक्सल तिरका असेल तर ट्रेलर रस्त्यावर तिरका चालेल, एका बाजूचा टायर लवकर झिजेल, पण त्यामुळे बोट फळ्यांवर एका अंगाला सरकणार नाही. बोट कुठे बसायची ते फळ्या ठरवतात. दोन वेगळे दोष असू शकतात, म्हणून मोजमापही वेगवेगळे घ्या.

बोट पाण्यात किंवा नांगरावर असताना रिकामा ट्रेलर सिमेंटच्या सपाट जागेवर उभा करा. कोबा पावसाचे पाणी जाण्यासाठी उताराचा केलेला असतो, तेव्हा पाणसळ लावून बघा. दोन्ही टायरांत हवा सारखी भरा. हे आधी. नाहीतर पुढचे सगळे आकडे फसवे येतील.

मग चासीची मधली रेषा काढा. पुढे कपलरच्या (गाडीला जोडायच्या तोंडाच्या) मध्यावर खूण. मागच्या आडव्या पाइपची दोन टोके मोजून त्याच्या मध्यावर दुसरी. दोघांत पक्की दोरी ताणा. सुतळी नको, ती झोळ खाते. गवंडी वापरतात ती नायलॉनची दोरी घ्या. आता हे मोजा:

१. कपलरच्या मध्यापासून डाव्या आणि उजव्या हबपर्यंत. टेप दोघांनी धरायची, तीही हबवरच्या एकाच जागी.
२. दोरीपासून प्रत्येक फळीच्या मध्यापर्यंत, पुढच्या आणि मागच्या ब्रॅकेटपाशी. एकूण चार आकडे.
३. फळीच्या माथ्याची उंची. ही चासीवरून घ्यायची, जमिनीवरून नाही. दोन्ही लांब पाइपांवर सरळ अॅल्युमिनियम पट्टी आडवी टाका आणि तिच्यापासून मोजा. जमिनीपासूनचे मापही लिहून ठेवा, त्याचा वेगळा उपयोग आहे.
४. विंचचा खांब आणि नाळेचे रबर मध्यरेषेवर आहे का, ते ओळंबा सोडून.

पुढच्या वेळी बोट वर असेल तेव्हा मागून ओळंबा कण्यावरून सोडा, काठावरून नको. आपल्याकडे हाताने थापलेल्या फायबर बोटींचे दोन काठ क्वचितच सारखे असतात. काठावरून मोजलेले ४५ मिमी प्रत्यक्षात ३० असू शकतात, ६० पण.

सुकती_भरती

ट्रेलर मोजूचो तो मोजा, पण बोट पाण्यात सरळ तरंगता काय ता आधी बघा. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी दोनय एकाच बाजूक असली तर बोट पाण्यातच कललेली असता. मगे फळीवर ती एका कुशीवर येता आणि तशीच बसता.

बघायचे असे: पाणी शांत असताना बोटीत कोणी नको, इंजिन खाली. मागच्या दोन कोपऱ्यांचे काठ पाण्यापासून किती वर आहेत ते टेपने मोजा. आधी तळाचे बूच काढून, बोट उतारावर नाळ वर करून उभी ठेवून तळातले पाणी पूर्ण काढलेले असू दे. बोटीच्या आतल्या तळफळीखालचा फोम पाणी प्यायला असेल तर कल बॅटरी हलवून जाणार नाही.

आणखी एक. उतारावर पाणी कुठच्या बाजूने वाहते आणि तुम्ही बोट कधी काढता, भरतीला की सुकतीला (ओहोटीला)?

देवबाग_खाडी

सगळे मोजले. बोट काल वर होती तेव्हा ओळंबा कण्यावरून सोडला: ४५ मिमीच, डावीकडे.

कपलर ते हब: डावे ३,४१२, उजवे ३,४१८ मिमी. फळ्या पुढे दोन्ही ४३० वर. मागे डावी ५४०, उजवी ५१५. मागच्या ब्रॅकेटपाशी उंची: डावी फळी चासीपासून १२ मिमी खाली, जमिनीपासून मोजली तर २० मिमी खाली. विंचचा खांब मध्यावर. हवा सारखी करण्याआधी डाव्यात २८ होती, उजव्यात ३६. जमिनीचे माप त्यावेळचे आहे.

पाण्यात डावा कोपरा ३० मिमी खाली. बॅटरी आणि २५ लिटरची टाकी दोन्ही डावीकडेच आहेत. बोट दुपारी तीन-चारच्या सुमारास काढतो, बहुतेक सुकती लागलेली असते. उतार खाडीला काटकोनात आहे, म्हणजे पाणी बोटीच्या अंगावर आडवे येते.

गुण्या_ओळंबा

छान, एवढ्या आकड्यांवर हिशेब होतो.

व्ही तळाची बोट दोन फळ्यांवर बसते तेव्हा तिचा कणा दोन गोष्टींवर सरकतो. पहिली, फळ्यांचा मध्य. डावी ५४० आणि उजवी ५१५, म्हणजे फळ्यांचा मध्य मधल्या रेषेच्या १२.५ मिमी डावीकडे. बोट तितकी डावीकडे. दुसरी, उंचीतला फरक. बोट कलली नाही असे धरले तर सरकणे = उंचीतला फरक भागिले तळाच्या उताराच्या टॅनची दुप्पट. १५ अंशांचा टॅन ०.२६८, दुप्पट ०.५३६. १२ भागिले ०.५३६ म्हणजे २२ मिमी, खालच्या फळीकडे. दोन्ही मिळून ३५.

उरलेले १० मिमी पाण्यातला कल आणि ओढ यांचे. म्हणजे तुमच्या ट्रेलरमध्ये रहस्य काही नाही, तीन छोट्या चुका एकाच दिशेला जमल्या आहेत. जमिनीपासूनच्या मापात जे ८ मिमी जास्त दिसतात ते डाव्या टायरातल्या कमी हवेचे, आणि राहिलेच तर पाट्यांचे. आता हवा सारखी आहे, परत मोजा. फरक १२ वर आला तर पाटे ठीक आहेत. नाही आला तर डाव्या पाट्याची कमान उजव्याशी ताडून बघा. खाऱ्या पाण्यात पाट्यांच्या पानांमध्ये गंज फुगतो आणि एखादे पान तडकते. वरून रंग शाबूत दिसतो.

उथळ तळाच्या बोटवाल्यांसाठी जाता जाता: हाच हिशेब १० अंशांच्या तळाला लावला तर १० मिमी फरकाला बोट २८ मिमी सरकते. तळ जितका चपटा, तितकी फळीची उंची जास्त काटेकोर हवी.

आता काम. १७ आणि १९ चे रिंग पाने, जॅक, लाकडी ठोकळे, पेनिट्रेटिंग ऑइल. खाऱ्या पाण्यातले नट असे-तसे सुटत नाहीत, आदल्या रात्री तेल मारून ठेवा. जे यू-बोल्ट निम्मे झिजलेत ते वाचवत बसू नका, कापून काढा. नवे घ्यायचे तर गरम झिंकमध्ये बुडवलेले जीआय. दुकानात मिळणारे पिवळसर चकचकीत प्लेटिंगचे बोल्ट एका पावसाळ्यात लाल होतात.

आधी डावी फळी खाली का गेली ते शोधा, नाहीतर महिन्याभरात परत जाईल. ब्रॅकेटला उंचीसाठी लांबट खाच असेल आणि बोल्ट फक्त घर्षणावर धरून असेल तर रस्त्याच्या आदळआपटीने तो खाचेतून घसरतो. नवीन उंची ठरली की त्या जागी आरपार भोक पाडून १२ मिमीचा बोल्ट टाका, खाचेच्या भरवशावर राहू नका. ब्रॅकेट सरळ दिसत असले तरी गुण्या लावून बघा. बोट एका अंगावर बसत असेल तर त्या बाजूचे ब्रॅकेट बाहेर वाकलेले असते. तुमची डावी फळी २५ मिमी बाहेर आहे ती कोणी तशी लावली म्हणून की वाकली म्हणून, हे गुण्या सांगेल.

मागचे यू-बोल्ट सैल करा, काढू नका. डावी १२ मिमी आत, उजवी १३ मिमी बाहेर, म्हणजे दोन्ही ५२७-५२८ वर येतील. सरकवण्यापूर्वी पाइपवर जुन्या जागेची खूण करून ठेवा. डावी १२ मिमी वर घ्या. उजवी खाली आणूनही जमते, पण मग कणा मागच्या आडव्या पाइपच्या जवळ येतो. तिथे किमान ३० मिमी मोकळे हवेच, खड्ड्यात पाटे दबले तर चासी लवते.

यू-बोल्टचे दोन्ही नट आळीपाळीने आवळा. एकच बाजू पूर्ण आवळली तर ब्रॅकेट तिरके बसते. चौकोनी पाइपची भिंत आत दबेल इतका जोर नको. फळीच्या डोक्याशी जो फिरता बोल्ट असतो तो मात्र बोट बसेपर्यंत हाताने घट्ट होईल इतकाच ठेवा. बोट वर आली, फळी तळाच्या उताराला आपोआप चिकटली, की मग आवळा. तो आधीच पूर्ण आवळला तर फळीची एकच कड तळाला टेकते आणि फायबरवर रेघ उमटते.

एक्सलचे ६ मिमी: ३ पर्यंत असते तर सोडून द्या म्हटले असते. पाट्यांचे यू-बोल्ट सैल करून एक्सल डाव्या बाजूला मागे ढकला, ३,४१५ च्या आसपास दोन्ही आणा. कापायला काही नाही. पाट्याच्या मधल्या बोल्टचे डोके एक्सलवरच्या भोकात बसलेले असते, ते भोक मोठे झालेय का बघा. एक्सल तिथूनच फिरतो.

जेटी_नाका

वरचे सगळे बरोबर. पण फळ्या हलवताच आहात तर एक बघा: फळीचे मागचे टोक आणि बोटीचा मागचा पाट (ट्रान्सम) यांत किती अंतर आहे?

देवबाग_खाडी

फळी संपल्यावर पुढे १०० मिमी बोट बाहेर आहे.

जेटी_नाका

मग ते मध्यावर बसण्याच्या दोषापेक्षा जास्त महत्त्वाचे आहे. ६० एचपीचे इंजिन सुमारे ११० किलो, तेही पाटाच्या बाहेर लटकलेले. पाटाखाली फळी नसेल तर तळ शेवटच्या फूटभरात हळूहळू वाकतो. बाहेरून दिसत नाही, पण तळाला सरळ पट्टी लावली की कळते. मग बोट पाण्यात नाळ दाबून चालते आणि वेग पडतो. फळीचे टोक पाटाच्या रेषेत किंवा इंचभर बाहेर हवे.

दोन उपाय. एक, लांब फळ्या. दोन, विंचचा खांब १०० मिमी पुढे सरकवणे. दुसरा स्वस्त, पण त्याने कपलरवरचे वजन वाढते. तुमची बोट इंजिन-पेट्रोलसकट साधारण ८५० किलो धरा, कपलर ते एक्सल ३.४ मीटर. ८५० गुणिले ०.१ भागिले ३.४ म्हणजे कपलरवर २५ किलो वाढतील. आत्ता किती येते? घरच्या वजनकाट्यावर लाकडी ठोकळा ठेवा, त्यावर कपलर, ट्रेलर जमिनीला समांतर, बोट भरलेली, चाकांना पुढे-मागे ठोकळे. काट्याची मर्यादा आधी वाचा. पहिल्यांदा जॅक हळूहळू सोडा.

एकूण वजनाच्या ७ ते १० टक्के कपलरवर असावे. ५ च्या खाली गेले की ट्रेलर महामार्गावर शेपटी हलवायला लागतो. १० च्या वर गेले तर गाडीचे मागचे पाटे बसतात आणि स्टिअरिंग हलके होते.

खांब सरकवताना विंचची उंचीही बघून घ्या. नाळेच्या कडीवर रबर टेकले पाहिजे, म्हणजे कडी रबराच्या लगेच खाली. पट्टा कडीपासून विंचपर्यंत सरळ किंवा किंचित वर जाणारा असावा. विंच कडीच्या खाली असेल तर पट्टा नाळ खाली दाबतो, बोट पुढे येत नाही आणि तुम्ही उगाच हँडल फिरवत बसता. पट्टा ड्रमच्या एकाच कडेला गुंडाळला जात असेल तर ओढ मध्यातून राहत नाही. शेवटच्या हातभर अंतरात नाळ १५-२० मिमी बाजूला जाते. हाताने पट्टा मध्यावर धरून पहिले दोन-तीन वेढे नीट बसवा.

सुकती_भरती

दुपारी तीन-चारला, सुकती लागल्यावर, खाऱ्या वाऱ्यात. मग मागचा भाग सरकणारच!

कारण सोपे आहे. उतारावर ट्रेलर पुढे उंच, मागे खाली. बोट मात्र पाण्यावर समपातळीत तरंगते. ओढली की आधी नाळ आणि पुढचा भाग टेकतो, मागचा अर्धा भाग अजून पाण्यात मोकळा. त्या वेळी ओढ आणि वारा त्याला जिथे नेतील तिथे तो खाली येतो. म्हणून तुमची नाळ कायम बरोबर आणि मागचेच बिनसते.

यावर पहिली गोष्ट म्हणजे ट्रेलर फार खोल नेऊ नका. बोट चढायला सोपी जावी म्हणून सगळे चाके बुडवून मडगार्डच्याही वर पाणी घेतात. तेव्हा फळ्या बोटीला धरतच नाहीत, बोट त्यांच्यावर तरंगत राहते. आधी ट्रेलर खोल नेऊन फळ्यांचे कारपेट भिजवा, मग पुढे घ्या. ८ फुटी फळीचा पुढचा दीड-दोन फूट भाग कोरडा दिसला पाहिजे. बोट इंजिनने किंवा दोरीने फळ्यांवर आणा, शेवटचे दोन-तीन फूट विंचने. विंच जड चालली तर समजा पाणी बरोबर आहे. अगदी हलकी चालली तर खोल आहात.

गाडीने बाहेर ओढताना घाई नको. फूटभर ओढा, थांबा, मागे उभ्या माणसाने कणा बघावा. तो पाण्यात उभा असेल तर प्रवाहाच्या खालच्या बाजूला नको, बोट आणि ट्रेलरच्या मध्ये तर कधीच नको. मागच्या दोन कोपऱ्यांना दोन दोऱ्या बांधून एकेक माणूस दोन्ही बाजूंना कोरड्यावर ठेवणे सर्वांत बरे.

वेळ: भरती पुरी झाली की खाडीत थोडा वेळ पाणी थबकलेले असते, तेव्हा काढा. जुना हिशेब ठाऊक असेलच, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या. मुंबईच्या मानाने मालवणात भरती थोडी आधी होते, म्हणून हा अंदाजच; तारखेचा तक्ता बघून या. अमावस्या-पौर्णिमेला तीन-चारला गेलात तर सुकतीचा जोर ऐन भरात असतो. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटी लहान असते तेव्हा) ओढ कमी, शिवाय उताराचा खालचा शेवाळी भागही तसा कमी उघडा पडतो, तेवढे सोपे.

वाळूवरून काढणारे कोणी वाचत असतील तर: एक चाक तीन इंच रुतले की १.७ मीटर अंतरावरच्या दोन चाकांमुळे फळ्यांच्या उंचीत ४५-४७ मिमीचा फरक पडतो. बोट रुतलेल्या बाजूला घसरते आणि दोष फळ्यांना. चाकांखाली जाड पाट्या टाका. झावळ्या टाकून ट्रॅक्टरचे चाक निघेल, ट्रेलर समतल राहणार नाही.

सागवान_ऐन

मागच्या कोपऱ्यांना उभे खांब लावून टाका, निम्मा त्रास जाईल. सव्वा इंची जीआय पाइप, त्यावर दोन इंची पीव्हीसी बाहीसारखा मोकळा फिरणारा, वर टोपण. बोटीच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना २०-२५ मिमी मोकळे. त्याहून जास्त ठेवले तर बोट खांबांच्या आत राहूनही तेवढी सरकते, म्हणजे खांब नुसते शोभेला. उंची अशी की ट्रेलर बुडाल्यावर गाडीच्या आरशात टोके दिसली पाहिजेत.

लाकडाचे म्हणाल तर सागवान किंवा ऐन, दोन बाय चार इंच, उभ्यापेक्षा आडवी रुंद बाजू वर. बोल्ट घुमटाकार डोक्याचे, डोके लाकडात अर्धा इंच खाली बसलेले. कारपेट पूर्ण सिंथेटिक, खालची बाजू उघडी ठेवा म्हणजे पाणी निथळते, स्टेपल स्टेनलेसच्या. जुन्या टायरचे तुकडे खिळ्यांनी ठोकतात ते नको. ओल्या फायबरला टायरचे रबर धरून ठेवते, बोट मध्याकडे यायची ती जिथे टेकली तिथेच अडते, वर काळे डाग. खिळा वर आला की तळ फाटला.

जेटी_नाका

खांबांबद्दल एक मतभेद. प्रवाह आडवा आहे तिथे उंच खांब वाकतात. ८५० किलोची बोट पाण्याच्या ओढीने पाइपवर टेकली की तळाशी वेल्ड तडकतो. अशा जागी बोटीच्या कडेला समांतर, तीन-चार फूट लांब बाजूच्या फळ्या बऱ्या. भार एका बिंदूवर येत नाही. खांब लावायचेच तर तळाला तिरपा आधार द्या आणि वेल्ड न करता यू-बोल्टने बसवा, म्हणजे बदलता येतात.

आणि कारपेटऐवजी गुळगुळीत प्लास्टिकच्या पट्ट्या कोणी सुचवतील. बोट त्यांच्यावर आपोआप मध्याला येते हे खरे. पण उतार आडव्या दिशेलाही कललेला असेल तर तितक्याच सहज खालच्या बाजूला जाते. आणि विंचचा हुक पाण्यात जाण्याआधी काढला तर बोट उतारावर सिमेंटवर. एकट्याने बोट उतरवणाऱ्याने त्या लावू नयेत असे माझे मत.

सागवान_ऐन

आडव्या ओढीचा मुद्दा मान्य. देवबागला बाजूच्या फळ्याच लावा.

देवबाग_खाडी

झाले ते सांगतो. डावे मागचे ब्रॅकेट खरेच बाहेर वाकले होते आणि खाचेतला बोल्ट घसरला होता. नवे ब्रॅकेट, आरपार बोल्ट. फळ्या दोन्ही ५२८ वर, उंची सारखी. एक्सल ३,४१५ आणि ३,४१६. बॅटरी उजवीकडे नेली, पाण्यात आता ५ मिमीचा कल राहिलाय. विंचचा खांब १०० मिमी पुढे. कपलरवर आधी ६० किलो होते, आता ८५, एकूण वजन ११५० च्या आसपास. बाजूच्या फळ्या अजून लावायच्या आहेत. भरती थबकल्यावर काढली, कणा ८ मिमी डावीकडे.

पण घरी आणून मागचे पट्टे सोडले तर २० मिमी उजवीकडे निघाली! रस्त्यात काय हलले?

गुण्या_ओळंबा

८ मिमी सोडून द्या, १०-१२ पर्यंत काही बिघडत नाही. ८५ म्हणजे साडेसात टक्क्यांच्या जवळ, तेही ठीक.

घरी निघालेला फरक पट्ट्यांचा आहे. रॅचेटचा पट्टा आधी उजवा पूर्ण आवळला असणार. रॅचेटचा एकेक दात बोटीला त्या बाजूला खेचतो, आणि कारपेट ओले असताना बोट सहज येते. पहिल्या खड्ड्यात ती तिथेच बसते. दोन्ही पट्टे आधी हाताने ताणून सैलपणा काढा, मग एका बाजूला दोन दात, दुसऱ्या बाजूला दोन दात, असे आळीपाळीने. मागच्या कडीपासून चासीपर्यंत पट्टा शक्य तितका उभा उतरू दे. बाहेर तिरपा गेला की बाजूची ओढ वाढते. आणि पट्टे आवळण्याआधी नाळेची सुरक्षा साखळी लावा, विंचच्या पट्ट्यावर एकट्यावर बोट ठेवून रस्त्याला लागू नका.

उतारावर पट्टे बांधू नका, वर सपाटीवर आल्यावर बांधा. दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर थांबून पट्टे आणि नव्या ब्रॅकेटचे नट दोन्ही परत आवळा, ओले कारपेट दबल्यावर दोन्ही सैल पडतात. तेवढ्यात हबला हात लावून बघा. एक बाजू दुसरीपेक्षा गरम लागली तर त्या बाजूचे बेअरिंग उघडून बघा, पाणी गेलेले असू शकते.

सुकती_भरती

आणि पुढच्या खेपेस उतारावर पोचल्या पोचल्या ट्रेलर पाण्यात घालू नका. तापलेला हब गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारे पाणी आत ओढते. हाताला कोमट लागेपर्यंत थांबा, तोवर तळाचे बूच लावलंय का ता बघा.